नरम्याच्या मुलखात पांढरी माशी

पंजाब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाची शेते, भाताची खाचरे आणि लस्सीचे मोठाले पेले उभे राहतात. पण पंजाबच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, राजस्थानच्या वाळूला खेटून, एक कापसाचा मुलूख आहे. भटिंडा, मानसा, मुक्तसर आणि फाजिल्का हे त्याचे चार जिल्हे. शेजारी हरियाणाचा सिरसा, राजस्थानचे हनुमानगड आणि श्रीगंगानगर. तिकडचे लोक आपल्या भागाला माळवा म्हणतात. इंदूर-उज्जैनचा माळवा तो वेगळा, हा वेगळा. येथे अमेरिकन कापसाला ‘नरमा’ म्हणतात, गावरान कापसाला ‘कपाह’ म्हणतात, आणि एकराला ‘किल्ला’.

या मुलखाचे आणि आपल्या मराठवाड्याचे नाते जुने आहे. भटिंड्याजवळ तलवंडी साबो नावाचे गाव आहे. गुरु गोविंदसिंगांनी तेथे काही महिने मुक्काम केला, पुढे ते दक्षिणेकडे निघाले आणि १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी त्यांनी देह ठेवला. त्यामुळे नांदेडहून श्रीगंगानगरकडे जाणाऱ्या गाडीत यात्रेकरूंची दाटी असते. दोन्ही टोकांना गुरुद्वारा आणि दोन्ही टोकांना कापूस! गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मी या गाडीने निघालो तो मात्र यात्रेसाठी नव्हे. ज्या पांढऱ्या माशीने या मुलखाची एका हंगामात दाणादाण उडवली, तिची कहाणी तेथल्याच शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकावी, एवढाच हेतू होता.

काळी माती सुटते, वाळू लागते

हिंगोली, वाशीम, अकोला ही आपली ओळखीची स्टेशने मागे पडतात. खिडकीतून दिसणारी काळी जमीन हळूहळू तांबूस होते, मग पिवळसर. दिल्ली ओलांडली की लोहमार्ग रोहतक, जिंद, जाखल, मानसा असा भटिंड्याला जातो. जमीन तळहातासारखी सपाट. डोंगर म्हणून नजरेला कोठे पडत नाही.

या वाटेवरच्या जिंदचे नाव कापूस पिकवणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. जिंद जिल्ह्यातील निडाना या गावी डॉ. सुरेंद्र दलाल नावाच्या कृषी अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांची ‘कीट पाठशाळा’ सुरू केली. शाळा भरायची ती कापसाच्या शेतात. पुढे बायांचीही अशीच शाळा निघाली. भिंग घ्यायचे, पाने उलटायची, किडे मोजायचे आणि कोणता किडा शाकाहारी, कोणता मांसाहारी ते वहीत लिहायचे. शाकाहारी म्हणजे पीक खाणारा, मांसाहारी म्हणजे त्या किड्याला खाणारा. ज्या बायांनी कधी शाळेची पायरी चढली नव्हती त्या किडींच्या अवस्था घडाघडा सांगू लागल्या. डॉ. दलाल २०१३ साली वारले. पण त्यांनी लावलेली ही सवय त्या गावांत टिकून राहिली. ‘आधी मोजा, मग ठरवा’ एवढेच त्या शाळेचे सार. पुढे अबोहरला मला त्याचा अर्थ कळला.

भटिंड्याला गाडी बरीच रिकामी होते. गावाच्या मधोमध जुना विटांचा किल्ला आहे. रझिया सुलतानेला १२४० साली येथेच कैदेत ठेवले होते. तेथून पुढे मलोट आणि मग अबोहर. अबोहरच्या आसपास किन्नूच्या बागा लागतात. किन्नू हे संत्र्याच्या गोतातले फळ. बागेला लागून नरमा, नरम्याला लागून कालवा आणि कालव्याच्या काठाने गुडघाभर तण, असे तेथले दृश्य. कालव्याचे पाणी हाच या भागाचा प्राण. श्रीगंगानगरकडे १९२७ साली महाराजा गंगासिंगांनी कालवा आणला आणि वाळवंटात पीक उभे राहिले. जमिनीखाली पाणी आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते खारे, मचूळ. म्हणून थोड्या पाण्यावर येणारा नरमा या मातीला मानवला.

सकाळी दहाच्या आत

ज्यांच्याकडे उतरलो ते सरदारजी साठीच्या पुढचे. दहा किल्ले जमीन, दोन म्हशी, दारात नांगराऐवजी ट्रॅक्टर. पहाटे चहा झाल्यावर म्हणाले, “चला, माशी मोजायची वेळ झाली.” मला वाटले चेष्टा करतात. पण त्यांची सून डोक्यावर ओढणी घेऊन, हातात वही-पेन्सिल घेऊन आधीच निघाली होती.

मोजायचे ते सकाळी दहाच्या आत. ऊन तापले की माशी चपळ होते, पानाला हात लागताच उडते. सकाळी ती सुस्त असते. सूनबाई शेतात आडवीतिडवी चालत गेली. झाडाच्या वरच्या भागातले पान देठाशी धरून अलगद उलटायची, ओठांतल्या ओठांत मोजायची आणि लिहायची. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने तेथल्या शेतकऱ्यांना आकडा सांगितला आहे: वरच्या पानांवर सरासरी सहा माश्या भरल्या की फवारणीचा विचार करा, त्याआधी नको. त्या दिवशी सरासरी तीन भरली. सूनबाईने वही मिटली. सासरे म्हणाले, “आज पंप घरीच राहील.”

मीही एक पान उलटून पाहिले. पांढरी माशी म्हणजे केवढी? मिलिमीटरभर. पंख पिठात बुडवल्यासारखे. नाव माशीचे असले तरी जातीने ती माशी नव्हेच. मावा आणि तुडतुडे यांच्या गोतातली. मादी पानाच्या मागच्या बाजूला बारीक अंडी घालते. त्यांतून निघालेले पिल्लू थोडेसे चालते, जागा धरते आणि मग प्रौढ होईपर्यंत तेथून हलत नाही. पानाला चिकटलेल्या चपट्या, पिवळसर खवल्यासारखे ते दिसते. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा तीनएक आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे एका हंगामात किती पिढ्या होतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

नुकसान दोन तऱ्हांनी होते. पहिले म्हणजे रस शोषल्याने झाड निस्तेज होते. माशी जी गोड, चिकट विष्ठा टाकते तिच्यावर काळी बुरशी चढते. आपल्या विदर्भात संत्र्यावर ‘कोळशी’ येते ना, तसेच काळे थर कापसाच्या पानावर आणि फुटलेल्या बोंडावरही बसतात. दुसरे नुकसान याहून वाईट. ही माशी रोगाची वाहक आहे. रोगी झाडाचा रस पिताना विषाणू तिच्या पोटात जातो, पोटातून अंगात आणि अंगातून तोंडातल्या लाळेत येतो. याला काही तास लागतात. त्यानंतर ती माशी मरेपर्यंत ज्या ज्या झाडावर बसून रस पिईल त्याला रोग देऊ शकते.

कापसाच्या या रोगाला तिकडे ‘पत्ता मरोड’ म्हणतात. पानाच्या शिरा जाड होतात, पान वाटीसारखे वर किंवा खाली वळते, पानाच्या मागे शिरेवर कधीकधी दुसरे चिमुकले पान फुटल्यासारखे दिसते. झाड खुरटते. रोग लहानपणी लागला तर बोंडांची आशाच सोडावी. बियाण्यातून हा रोग येत नाही, हात लागून पसरत नाही. माशी हेच त्याचे एकमेव वाहन. आणि एकदा झाडात शिरलेला विषाणू बाहेर काढणारे औषध जगात नाही.

तारेपलीकडून आलेला रोग

अबोहरहून फाजिल्का तासाभराच्या अंतरावर आहे. पुढे सरहद्द. काटेरी तारेच्या अलीकडे नरमा आणि पलीकडेही कापूसच. पलीकडच्या मुलतान भागात १९६७ साली हा पत्ता मरोड प्रथम दिसला. वीस वर्षे तो कोपऱ्यात पडून होता. पण १९८८ नंतर तेथल्या कापसावर त्याची साथ आली आणि पाकिस्तानचा कापूस काही वर्षे आडवा झाला. १९९३ मध्ये रोग आपल्या श्रीगंगानगर भागात दिसला, पुढच्या वर्षी पंजाबात. तारेने माणसे अडतात, वारा अडत नाही आणि वाऱ्यावर तरंगणारी माशीही अडत नाही.

गंमत अशी की गावरान कापसाला हा रोग होत नाही. सरदारजींच्या घरी आठ-दहा ओळी देशी कपाहच्या होत्या. “या बाजारासाठी नाहीत,” त्यांच्या पत्नी, ज्यांना सारे बीबीजी म्हणत, त्या सांगत होत्या. “रजया आणि खेस यांसाठी. मुलीच्या लग्नात घरच्या कापसाचा खेस द्यावा लागतो.” खेस म्हणजे तिकडची जाड, विणीची चादर. शेजारच्या नरम्याची पाने वळलेली असताना या ओळी मात्र ताठ उभ्या होत्या. धागा आखूड म्हणून गिरणीवाले तिला विचारत नाहीत. रोग तिला शिवत नाही म्हणून शास्त्रज्ञ मात्र विचारतात.

२०१५ चा खरीप

या मुलखात कोणाच्याही ओसरीवर बसा, गोष्ट २०१५ वर येतेच. त्याआधीच्या दहा वर्षांत बीटी बियाणे आले होते, बोंडअळीचा धाक कमी झाला होता. फवारण्या कमी झाल्या, पैसा हाती आला. पण बीटी ही अळीसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडीला तिचे काही वाटत नाही. शिवाय दुकानात बियाण्यांची शेकडो नावे. त्यांतली कितीतरी पत्ता मरोडला सहज बळी पडणारी.

त्या वर्षी पेरण्या लांबल्या. मेच्या मध्यापर्यंत आटोपणारी पेरणी बऱ्याच ठिकाणी जूनवर गेली. मग पावसाने ओढ दिली, ऊन वाढले. जुलैअखेर माशी उठली ती अशी की रस्त्याने मोटरसायकलवर जाणाऱ्याने तोंडाला फडके बांधावे. “संध्याकाळी शेतातून फिरलो तर पगडीवर पीठ सांडल्यासारखे व्हायचे,” सरदारजी म्हणाले.

लोकांनी पंप उचलले. एक फवारा, दोन, चार. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारायचे. दुकानदार जे देईल ते मारायचे, दोन-तीन औषधे एकत्र करून मारायचे. कित्येकांनी दहा-दहा, बारा-बारा वेळा फवारले. सरदारजींच्या धाकट्या भावाने सावकाराकडून पैसे आणून अकरा फवारण्या केल्या. माशी काही हटली नाही. का हटली नाही? एक तर ती बसते पानामागे आणि फवारा पडतो पानावर. दुसरे, तेच ते औषध सोसून सोसून ती निर्ढावलेली. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: माशीची पिल्ले खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी, आणि पिल्लाच्या अंगात अंडी घालणाऱ्या सुईच्या टोकाएवढ्या गांधीलमाश्या, ही सारी फौज पहिल्या दोन फवारण्यांतच मेली. अळीसाठी वापरतात ती पायरेथ्रॉइड गटातली औषधे तर माशी उलट वाढवतात.

सप्टेंबरात लोकांनी उभ्या नरम्यात ट्रॅक्टर घातले. त्या वर्षी पंजाबचा उतारा हेक्टरी सुमारे दोनशे किलो रुईवर आला. सरकारने एकरी आठ हजार रुपये मदत जाहीर केली. औषधांच्या खरेदीत आणि दर्ज्यात घोटाळा झाल्याची ओरड झाली, एका बड्या अधिकाऱ्याला अटकही झाली. ऑक्टोबरात शेतकरी लोहमार्गावर जाऊन बसले आणि गाड्या थांबल्या. काही घरांतले कर्ते पुरुष त्या वर्षी गेले. त्यांची नावे ओसरीवर हळू आवाजात घेतली जातात.

बीबीजींनी त्या वर्षाची आठवण वेगळी सांगितली. वेचणीला येणाऱ्या मजुरणी दारात येऊन परत गेल्या. शेतात वेचायलाच काही नव्हते. “आमचा तोटा वहीत लिहिला गेला, त्यांचा कोणी लिहिला नाही,” त्या म्हणाल्या. मदतीच्या यादीतले पैसे जमिनीच्या मालकाला आधी, हे आपल्याकडेही ओळखीचेच आहे.

काठावरचे तण

पुढच्या वर्षी, २०१६ साली, विद्यापीठ, कृषी खाते आणि शेतकरी यांनी कंबर कसली. नवे औषध हे त्यातले मुख्य नव्हते. मुख्य होते तण. कापूस निघून गेल्यावर माशी आणि विषाणू कोठे राहतात? कालव्याच्या काठी, रस्त्याकडेला, पडीक वाफ्यात. कंघी, धोतरा, गोखरू, काँग्रेस गवत यांवर. काही तणांत विषाणू राहतो, काहींवर माशी पोसली जाते. उन्हाळ्यात हे तण काढले तर नव्या पिकाला रोगाचा वारसा मिळत नाही. म्हणून पेरणीआधीच कालव्यांचे काठ आणि रस्त्यांच्या कडा साफ करण्यात आल्या. एकाने आपला बांध साफ करून भागत नाही. गावाचा गाव करावा लागतो.

पेरणी १५ मेच्या आत. विद्यापीठाने शिफारस केलेलेच वाण. नरम्याच्या शेजारी भेंडी नको, किन्नूच्या बागेत किंवा बागेला लागून नरमा नको. नत्राचा मारा नको. गर्द हिरव्या, लुसलुशीत पानावर माशी आधी येते. सुरुवातीला फवारायचेच तर निंबाचे. गावोगाव पाहणीसाठी माणसे नेमली, ती सकाळी पाने उलटून मोजू लागली. आकडा ओलांडला तरच औषध, तेही पिल्लांसाठी वेगळे, उडत्या माशीसाठी वेगळे, आणि तेच औषध पुन्हा पुन्हा नाही. त्या हंगामात पंजाबचा उतारा हेक्टरी साडेसातशे किलो रुईच्या घरात गेला. तीच माती, तोच कालवा, तीच माणसे.

म्हणून सारे गोड झाले असे मात्र नाही. २०२१ नंतर गुलाबी बोंडअळी आली. सरदारजींच्या धाकट्या भावाने नरमा सोडला आणि भात धरला. भाताला सरकारची हमखास खरेदी, कापसाला दरवर्षी जुगार. एके काळी लाखो हेक्टरांवर असलेला पंजाबातला कापूस २०२४ साली सुमारे एक लाख हेक्टरांवर आला. भाताला पाणी मात्र बेसुमार लागते. “भाऊ म्हणतो, तू वेडा आहेस,” सरदारजी हसले. “मी म्हणतो, भाताचे पाणी संपेल तेव्हा नरमा कसा करायचा ते कोणाला तरी आठवले पाहिजे.” त्यांची सून वही का भरते ते मला या वाक्याने उमगले.

आपल्या बांधावर

वाचक म्हणतील, पत्ता मरोडचा असा धुमाकूळ आपल्या कापसावर नाही, मग ही पंजाबची कथा आम्हाला कशाला? पण पांढरी माशी आपल्याकडेही आहे आणि तिने आणलेले रोगही आहेत. फक्त नावे वेगळी. भेंडीची पाने जाळीदार पिवळी पडतात, आपण ‘केवडा’ किंवा ‘हळद्या’ म्हणतो. हा रोग १९२४ सालीच मुंबई इलाख्यात नोंदला गेला होता. मूग-उडदावरचा पिवळा केवडा, टोमॅटोचा आणि मिरचीचा बोकड्या, हे रोगही हीच माशी पसरवते. २०२३ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत सोयाबीन पिवळे पडले, त्यातही पिवळ्या मोझॅकचा मोठा वाटा होता.

या रोगाशी झुंजण्याची परंपराही आपल्याकडे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ ही भेंडी १९८० नंतरच्या दशकात दिली. केवड्याला दाद न देणारी म्हणून ती देशभर गेली. पण विषाणूही गप्प बसत नाही. वर्षे जातात तशी वाणाची ताकद ओसरते. तेव्हा बियाणे हे एक हत्यार, सगळे शस्त्रागार नव्हे.

पंजाबातून शिदोरी आणली ती आपल्या घरातल्या सगळ्यांनी मिळून वापरण्याजोगी आहे. ती अशी:

पेरणीआधी बांध, नाल्याचा काठ, विहिरीभोवतीची जागा यांवरचे तण काढावे. शेजाऱ्यालाही सोबत घ्यावे.

टोमॅटो-मिरचीची रोपे बारीक विणीच्या नायलॉन जाळीखाली वाढवावीत. रोप लहान असताना माशीपासून वाचले की निम्मी लढाई जिंकली. शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-चार ओळी दाट पेराव्यात, म्हणजे माशीला आडोसा होतो.

पिवळ्या रंगावर माशी झेपावते. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावावेत. त्यांवरून माशी आली की नाही ते कळते.

पहिल्या महिन्यात केवडा वा बोकड्या दिसलेले झाड उपटून पुरावे. ते बरे होणार नाही. उभे राहिले तर दुसऱ्या शंभरांना देईल. जीव थोडा घट्ट करावा लागतो.

आठवड्यातून एकदा सकाळी पाने उलटून मोजावे. कापसासाठी आपल्याकडे पानामागे सरासरी आठ ते दहा माश्या ही मर्यादा सांगतात. विषाणूची भीती असलेल्या भाजीपाल्यात मात्र इतकी वाट पाहू नये. तेथे लवकर सावध व्हावे. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे आणि सगळे मिळून शंभर लिटर करावे. फवारा पानाच्या मागे पोचला पाहिजे.

औषध घ्यायची वेळ आली तर कृषी अधिकाऱ्याला किंवा विद्यापीठाच्या केंद्राला विचारून घ्यावे, पक्की पावती घ्यावी, दोन औषधांची खिचडी करू नये, आणि तेच औषध पाठोपाठ मारू नये. तोंडाला फडके आणि हातांत मोजे हवेतच.

निघताना मी सूनबाईंना वही पाहायला मागितली. दर आठवड्याची तारीख, पानांची संख्या, माश्यांची सरासरी. कोपऱ्यात ढालकिड्यांची वेगळी मोजणी. औषधाचा रकाना बराचसा कोरा होता. “हा रकाना कोरा राहिला की सासऱ्यांचे पैसे वाचले असे समजायचे,” ती म्हणाली.

चार आण्यांची वही आता चार आण्यांना मिळत नाही. पण ज्या घरात लिहिणारे एक माणूस आहे, त्या घराला ती महाग पडायची नाही.